बांधणी

दुबईच्या अल फहीदी किल्ल्यातल्या संग्रहालयाच्या अंगणात खजुराच्या झावळ्यांचं एक घर उभं करून ठेवलेलं होतं. किल्ला अठराव्या शतकाच्या अखेरचा, त्यात संग्रहालय उघडलं १९७१ साली. आलेली माणसं तोफांपाशी, जुन्या होड्यांपाशी फोटो काढायची आणि या घराला वळसा घालून आत जायची. मी भिंतीशी नाक लावून उभी राहायची. पानं सोलून काढलेले झावळीचे दांडे एकाला एक खेटून उभे केलेले, त्यांवर आडव्या काठ्या, आणि काठी जिथे दांड्याला भेटते तिथे दोराचा वेढा. एक वेढा तिरपा, दुसरा त्याला छेद देणारा, मग गाठ. चार बोटांवर पुन्हा तेच. खिळा कुठे दिसत नव्हता. दोरसुद्धा खजुराच्याच तंतूंचा वळलेला. ज्या झाडाची भिंत, त्याच झाडाच्या दोराने ती उभी.

अशा घराला इथे अरीश म्हणतात, बरस्ती असंही नाव आहे. तेल सापडण्यापूर्वी या किनाऱ्यावरचे बहुतेक लोक उन्हाळ्यात अशाच घरांत राहत. दांड्यांच्या फटींतून वारा आत येतो, उन्हाची तिरीप आत आली तरी तिची धग बाहेरच राहते. वैरी एकच, आग. १८९४ साली दुबईच्या देरा भागात लागलेल्या आगीत बरीचशी घरं खाक झाली, आणि त्यानंतर ज्यांना परवडलं त्यांनी दगडाची घरं उभारली. ज्यांना परवडलं नाही त्यांनी पुन्हा झावळ्या आणल्या, दोर वळला आणि घर बांधलं.

बांधलं, हाच शब्द इथे खरा. मराठीत आपण गाय दाव्याला बांधतो, फेटा बांधतो, शिदोरी बांधतो, आणि घरही बांधतो. क्रियापद एकच. सिमेंटच्या मिक्सरसमोर उभं राहून कोणी ‘बांधकाम चालू आहे’ असं म्हणतो तेव्हा दोरी-गाठीची आठवण कोणाला होत नाही, पण मला वाटतं हा शब्द दोरीतूनच आला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कारवीच्या काठ्यांचा कूड करतात, तो वेलांनी नाहीतर वाखाच्या दोरीने आवळतात आणि वरून शेणमातीने लिंपतात. वासे आढ्याला बांधत, छपराचं गवत कामट्यांनी दाबून बांधत. आधी गाठ होती, भिंत मागून आली.

या शब्दाचा माणसं वापर तरी किती करतात! पैलवान मजबूत बांध्याचा असतो. नाटकाची बांधणी दुसऱ्या अंकात सैल पडते. पक्षबांधणी होते, मोर्चेबांधणी होते, पुस्तक बांधायला टाकतात. कच्छकडची साडी कापडात हजारो बारीक गाठी मारून रंगवतात, तिचं नावच बांधणी. आपण तर अंदाजसुद्धा बांधतो. या सगळ्यांत एक धागा आहे. रचना विचारली तर काय कुठे आहे ते कळतं, घडण विचारली तर ते कसं होत आलं ते कळतं. बांधणी विचारली की कोण कोणाला धरून आहे, हे सांगावं लागतं. बांधणीला दोघं तरी लागतातच, आणि त्या दोघांच्या मधली जागा लागते.

अमिरातीत राहणाऱ्याला गावाकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. ती इमारत किती उंच, ते बेट कितीला पडलं, काच किती लावली. उंची आणि किंमत सांगून झाली की बोलणं संपतं. मला या देशाबद्दल बोलावंसं वाटतं ते त्याच्या बांधणीबद्दल, कारण इतक्या छोट्या मुलखात, एका दिवसाच्या प्रवासात, बांधण्याच्या इतक्या तऱ्हा मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत.

दगडाच्या घरांचंच घ्या. खाडीकाठी जी जुनी घरं उरली आहेत, बस्तकहून आलेल्या इराणी व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वसवलेला मोहल्ला किंवा रास अल खैमाजवळचं ओस पडलेलं अल जझिरा अल हमरा गाव, त्यांच्या भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या आहेत. भिंतीचा गिलावा पडलेला असतो तिथे हात लावून पाहावं. दगड खरखरीत, भोकाभोकांचा, आकाराच्या मानाने हलका. त्यात हवा कोंडलेली असते म्हणून ऊन आत शिरायला वेळ लागतो. आणि या घरांतल्या खोल्या सगळ्या अरुंद, लांबोळक्या. मोठा श्रीमंत व्यापारी असला तरी त्याची बैठकीची खोली लांबीला हवी तेवढी, रुंदीला जेमतेम तीन-साडेतीन मीटर. याचं कारण छतात दिसतं. छताला घातलेले वासे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आलेल्या खारफुटीच्या लाकडाचे. ते झाड सरळ वाढतं ते तेवढंच. आफ्रिकेच्या खाडीतल्या एका झाडाने दुबईतल्या खोलीची रुंदी ठरवली. दारांना साग लागायचा, तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचा. ज्या गावात मोठं झाड नाही, त्या गावाचं घर तीन किनाऱ्यांनी मिळून धरलेलं असायचं.

रास अल खैमाच्या डोंगरात वेगळीच तऱ्हा. तिथल्या शिहू लोकांच्या एका प्रकारच्या घराला बैत अल कुफ्ल म्हणतात, म्हणजे कुलपाचं घर. अर्धं जमिनीत खोदलेलं, वर प्रचंड दगड एकावर एक बसवलेले, दार इतकं ठेंगणं की वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. उन्हाळ्यात ही माणसं खजुराच्या हंगामासाठी खाली किनाऱ्याकडे उतरायची, तेव्हा धान्य या घरात कुलूपबंद करून जायची. धान्याचे रांजण दारापेक्षा मोठे! ते आधी आत ठेवायचे आणि मग त्यांच्याभोवती घर पुरं करायचं. कोकणात वाढलेल्या माणसाला ही दगडावर दगड बसवण्याची रीत परकी वाटत नाही. आमच्याकडे परसाला गडगा घालतात तोही असाच, मातीचुन्याशिवाय. गडगा घालणारा दगड उचलून हातात फिरवतो, त्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते बघतो, आणि मगच ठेवतो. ठेवल्यावर तो हलला तर चिप मारून गप्प बसवत नाही, दगडच बदलतो.

पण बांधणी या शब्दाचा पुरा अर्थ मला कळला तो होड्यांपाशी. दुबईतल्या अल जद्दाफला आणि अजमानच्या खाडीवर लाकडी गलबतं बांधायची जुनी आवारं. तिथे हातात वाकस आणि पटाशी घेऊन बसलेले बरेचसे सुतार गुजरात-केरळकडचे असत. अशा एका आवारात मांडवीकडच्या एका वयस्क मिस्त्रींनी मला काम समजावून सांगितलं. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. जमिनीवर तळाचं लांब लाकूड बसवलेलं, पुढची-मागची टोकं चढवलेली, आणि दोन्ही अंगांनी फळ्या एकीवर एक चढत चाललेल्या. आत पाहिलं तर पोकळ. मी विचारलं, फासळ्या कुठे आहेत? युरोपातली मोठी लाकडी जहाजं आधी फासळ्यांचा सांगाडा उभारून मग फळ्यांनी मढवली जात, हे पुस्तकात वाचलेलं डोक्यात होतं. त्यांनी मान हलवली. आधी अंग, मग फासळ्या, असं त्यांचं म्हणणं. फळ्यांनी गलबताचं पोट आकाराला आलं की त्या पोटाला बसेल अशी वाकडी फांदी शोधायची, तासायची आणि आतून लावायची. बाभळीच्या नैसर्गिक वाकाची लाकडं बाजूला रचून ठेवलेलीच होती. प्रत्येक लाकडाची जागा प्रत्यक्ष गलबताने सांगायची.

मग त्यांनी एक खिळा दाखवला. वीतभर लांब, डोकं चपटं. ठोकण्याआधी त्याच्या मानेला त्यांनी तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ गुंडाळला. खिळा आत गेला की हा पीळ डोक्याखाली चेपून बसतो आणि भोकातून पाणी येऊ देत नाही. फळ्यांच्या फटींतही असाच कापूस बोथट छिन्नीने ठासलेला. लोखंडाच्या कामातही दोराचा एक वेढा उरलेलाच होता.

एके काळी तर हे सगळं कामच दोराचं होतं. अरबी समुद्रातली जुनी जहाजं खिळ्यांची नसत, शिवलेली असत. फळ्यांना कडेने भोकं पाडायची, नारळाच्या काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या, भोकं बुजवायची आणि वरून तेल-राळ चोपडायची. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला ही जहाजं पाहिली आणि त्यांना नावं ठेवली, त्यांतून प्रवास धोक्याचा आहे असं लिहिलं. पुढच्या शतकात इब्न बतूताने याच शिवणीचं कारण सांगून ठेवलं आहे. या समुद्रात खडक फार, खिळ्यांचं जहाज आपटलं की फुटतं, शिवलेलं जहाज लवतं आणि तग धरतं. मला इब्न बतूताचं पटतं. घट्ट म्हणजे मजबूत असं आपण धरून चालतो, पण चांगल्या बांधणीत ढील कुठे द्यायची याचा हिशेब असतो. बैलगाडीची जुंपणी, तंबूचा तणाव, पाळण्याची दोरी बांधणाऱ्याला हा हिशेब हाताने येतो.

या शिवलेल्या जहाजाचं एक नातं महाराष्ट्राशी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे, तीन शिडांचं. त्या चित्रावरून भारतीय नौदलाने गोव्यात एक जहाज शिवून घेतलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळी फळीला जोडली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं, नाव ‘कौंडिण्य’, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं. चित्रकाराने जहाज भिंतीवर काढलं तेव्हा आतली शिवण काही काढली नव्हती. बाहेरचा आकार चित्राने दिला, बांधणी केरळच्या हातांतून आली. त्या हातांनी ती जपून ठेवली नसती तर चित्र नुसतं चित्रच राहिलं असतं. इकडे अबू धाबीतही २०२४ मध्ये कांस्ययुगातल्या मगन प्रदेशाच्या नावेसारखी एक अठरा मीटरांची नाव बोरूंच्या जुड्या आवळून आणि डांबर लिंपून तयार केली आणि समुद्रात नेऊन चालवून पाहिली. आणि फुजैराकडच्या कोळ्यांची शाशा नावाची लहान होडी तर निव्वळ झावळीच्या दांड्यांची. तिच्यात पाणी येतंच, ते येणार हे धरूनच ती बांधतात. दांडे हलके म्हणून ती तरंगते, काही तासांनी भिजून जड झाली की वाळूवर ओढून वाळत घालायची.

अबू धाबीच्या वाटेवर अबू मुरैखा इथल्या स्वामीनारायण मंदिराचं उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ ला झालं. गर्दीच्या दिवशी तिथे कोरीवकाम बघायला मान वर करून माणसं चालतात. मी एका खांबाशी थांबून दगडाचा सांधा शोधत राहिले. राजस्थानचा गुलाबी वालुकाश्म आणि इटलीचा संगमरवर भारतात कोरून, समुद्रातून आणून इथे जुळवला आहे आणि वरच्या बांधकामात लोखंड नाही. दगड दगडाच्या खाचेत बसतो, वरचं वजन खालच्याला दाबून जागेवर ठेवतं. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं आहे. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. यादवांच्या त्या मंत्र्याचं नाव या पद्धतीला चिकटलं, पद्धत त्याच्याहून जुनी. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. अशा बांधणीत भारच देऊळ धरून ठेवतो. अबू धाबीच्या मंदिरात त्या दगडांच्या पोटात दाब, ताप आणि हालचाल मोजणारी शेकडो उपकरणं बसवली आहेत, आणि मला ही जोड आवडली. जुन्या कारागिराला जे कानाने आणि तळहाताने कळायचं ते आता आकड्यांत कळेल.

बुर्ज खलिफाबद्दल लिहिलं नाही तर दुबईबद्दल लिहिल्यासारखं वाटणार नाही, म्हणून नाही. त्याची बांधणी खरंच सुंदर आहे म्हणून लिहिते. बुर्ज म्हणजे आपला बुरूजच. रायगडाचा हिरकणी बुरूज आणि ही ८२८ मीटरांची इमारत एकाच अरबी शब्दाची. इमारत हा शब्दही अरबीच, ज्या मुळापासून उमर, म्हणजे आयुष्य, आला त्याच मुळाचा. अमिरात मात्र अमीर या शब्दाकडून आलेला, वेगळ्या मुळाचा, जरी मराठी कानाला दोघं सख्खे वाटले तरी. जानेवारी २०१० मध्ये खुल्या झालेल्या या बुरुजाची मधली षट्कोनी गाभ्याची भिंत आणि तिला तीन बाजूंनी टेकलेले तीन पंख, हा अभियंता बिल बेकर यांचा विचार. एकटा गाभा इतक्या उंचीवर वाऱ्याने वाकला असता. एकटा पंख कोसळला असता. गाभा पंखांना पिळापासून वाचवतो, पंख गाभ्याला रेटून धरतात, आणि प्रत्येक पंख दुसऱ्या दोघांच्या जोरावर उभा. वर जाताना मजले एकेका बाजूने आखडत, वळसा घेत जातात, त्यामुळे वाऱ्याला सगळीकडे सारखा आकार सापडत नाही आणि त्याच्या भोवऱ्यांना एक ताल धरता येत नाही. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे, पाण्याऐवजी काही भाग बर्फ घालून. दिवसा ते फार लवकर घट्ट होऊन तडकलं असतं.

काँक्रीट आत दडवतं ती बांधणी मला एका फिटरने सांगितली. आपल्याकडे सळईचं काम करणाऱ्याला फिटरच म्हणतात. गणपतीच्या एका कार्यक्रमात त्याची ओळख झाली, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. त्याने कितीतरी उंच इमारतींच्या सळया बांधल्या आहेत. काम असं: सळया आडव्या-उभ्या मांडायच्या, जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे मऊ तारेचा दुहेरी तुकडा खालून घालायचा, आकड्याने टोकं पकडायची आणि मनगट फिरवून पीळ द्यायचा. एका मजल्याला असे पीळ हजारोंनी. पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी आहे, पण त्या आधीच्या तासांतही सळई हातमोज्यातून भाजते.

मी म्हटलं, म्हणजे एवढी मोठी इमारत तुमच्या तारेने बांधलेली. तो लगेच म्हणाला, “नाही ताई. तार काही धरत नाही. काँक्रीट येईपर्यंत सळईला जागेवर ठेवती, बस्स. एकदा काँक्रीट बसलं की तार असली काय, नसली काय.” त्याला हे सांगताना वाईट वाटत नव्हतं. कामाची खरी ओळख होती ती. आणि तरीही सळई जागेवरून हलली असेल तर काँक्रीट कितीही चांगलं असो, तुळईला जिथे ताण येतो तिथे लोखंड नसेल, हेही त्यालाच ठाऊक होतं.

बांधणीबद्दलची त्याची आस्था कुठून आली ते पुढे कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो शाळकरी होता. त्या भागातली घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भिंती दोन-अडीच फुटांच्या, बघायला बळकट. पण बाहेरची दगडांची रांग वेगळी, आतली वेगळी, मध्ये गोटे आणि माती. या दोन रांगांना धरणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक घरांत घातलेलेच नव्हते. जमीन हलली तशी भिंत मधून उकलली, एक रांग आत पडली, एक बाहेर, आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. दगड वाईट नव्हते, माणसांनी घाम कमी गाळला नव्हता. दोन रांगा एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, एवढंच. त्या पहाटेनंतर मराठवाड्यातल्या माणसाने बांधणी हा शब्द उच्चारला की मी नीट ऐकते.

आता त्याचं स्वतःचं घर गावाकडे चालू आहे. धाकटा भाऊ बघतो. सुट्टीच्या दिवशी शारजातल्या खोलीच्या जिन्यात बसून तो व्हिडिओ कॉल लावतो आणि भावाला फोन कॉलमच्या जवळ न्यायला लावतो. एकदा मी आणि माझा मुलगा त्याच्याकडे काही सामान द्यायला गेलो होतो, तेव्हा त्याचा कॉल चालूच होता. पडद्यावर उन्हात उभी असलेली सळयांची चौकट, मागे बाभूळ, आणि ठेकेदाराचा माणूस कंटाळलेला. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा सांध्याजवळ आठ-आठ इंचांवर बसवलेल्या त्याला दिसल्या होत्या. तो चार इंच मागत होता. रिंगांची टोकंही नुसती काटकोनात दुमडलेली होती. ती आत वळून गाभ्यात शिरली पाहिजेत, नाहीतर हादऱ्याला रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, सगळीकडे असंच करतात, काँक्रीटची गाडी उद्या सकाळी येणार आहे, आता कुठे सगळं सोडायचं.

“गाडी परवा बोलाव,” हा म्हणाला. “पैसे मी देतो गाडीचे. रिंगा सगळ्या काढ. आणि काढून झाल्या की मला फोन लाव, आधी खालचा सांधा दाखव, मग वरचा.”